उभ्या बाई

त्या बाई खऱ्या डॉक्टर होत्या की नाही, हे मला अजूनही ठाऊक नाही. भिंतीवर प्रमाणपत्र नव्हतं, दारावर पाटी नव्हती, टेबलावर शिक्केबिक्के नव्हते. टेबलच नव्हतं. दिग्रसच्या बाजारामागे एका डाळमिलच्या वर त्यांनी खोली घेतली होती. मिल सुरू झाली की पायाखालची फरशी थरथरायची आणि तुरीच्या टरफलांची धूळ खिडकीतून येऊन सगळ्यांच्या केसांवर बसायची. खोलीत खुर्ची एकच होती आणि तिच्यावर बसायची बंदी होती. बाई स्वतः उभ्या राहत आणि आलेल्या माणसालाही उभं ठेवत. म्हणून गावानं त्यांचं नाव पाडलं होतं, उभ्या बाई. दोन-अडीच वर्षं त्या तिथं होत्या. मग एका दिवाळीच्या तोंडावर निघून गेल्या, आणि कुठं गेल्या हे मिलच्या हमालांनाही सांगता आलं नाही. माझ्या संशयात तीही एक भर पडली.

आता कोणी म्हणेल, एवढा संशय कायले? तर त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात फाइल घेऊन हिंडणाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता. कापसानं दगा दिलेली वर्षं होती ती. जीपगाड्या यायच्या, त्यातून उतरलेली माणसं घराघरात शिरून विचारायची, कसं वाटतं, झोप लागते का, मनात काय येतं. उत्तरं लिहून घ्यायची, फोटो काढायची आणि दिवस बुडायच्या आत यवतमाळ गाठायची. पुढं पुढं बायाबापड्याही शहाण्या झाल्या. फाइल दिसली की दार लोटून घ्यायच्या. उभ्या बाईंकडे फाइल नव्हती, आणि मला नेमकं तेच खटकलं. फाइलवाला निदान काय करतो ते तरी दिसतं.

मी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होतो. हे काम ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. शेतकऱ्याची बंडी, म्हणजे बैलगाडी, आली की ग्रेडर कापसात कोपरापर्यंत हात घालून एक पुंजका काढतो. सरकीपासून धागा सोडवतो, दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून ओढून सरळ करतो, काळ्या कापडावर ठेवून लांबी मोजतो, ओल आणि कचरा पाहतो आणि दर्जा सांगून मोकळा होतो. पहिला किंवा दुसरा. अर्ध्या मिनिटाचं काम. मला त्याला बारा-पंधरा मिनिटं लागायला लागली होती.

त्याचं असं झालं की चांगल्या वर्षी माणसं ग्रेडरशी भांडतात, त्याची टर उडवतात, त्याला चहा पाजतात. वाईट वर्षी ती गप उभी राहून त्याच्या अंगठ्यांकडे पाहतात. तेवढ्या डोळ्यांसमोर आपल्या हातून चूक होईल, अशी भीती मला बसली. म्हणून मी पुन्हा पाहायचो. पुन्हा पाहिलं की आधीच्यापेक्षा वेगळं दिसायचं, म्हणून तिसऱ्यांदा. तरीही समाधान झालं नाही तर पुंजका कागदात गुंडाळून, वर बंडीचा नंबर टाकून खिशात ठेवायचो आणि घरी खिडकीशी बसून परत पाहायचो. दर्जा तर दुपारीच देऊन झालेला असायचा. मग घरी कशासाठी पाहायचं, हे बायको विचारायची तोवर मी पुढची पुडी सोडलेली असायची. त्या पुड्यांनी एक लोखंडी पेटी भरली होती. एवढ्यात एक गादी झाली असती, असं ती म्हणायची, पण तिच्या आवाजात चेष्टा नसायची.

मागच्या हंगामात रांग पार रस्त्यापर्यंत गेली आणि लोकांनी मला घेरलं. मारलं नाही कोणी, पण मधोमध उभा राहून मी तोच पुंजका परत परत ओढत राहिलो. त्या वेळी समोर आर्णीकडच्या एका म्हातारीची बंडी होती. तिचा कापूस मी दहा वेळा पाहिला आणि शेवटी दुसरा दर्जा दिला. ती बैल वळवून बंडी परत घेऊन गेली. त्या संध्याकाळी केंद्रप्रमुखांनी मला बाजूला घेतलं. माणूस भला होता. म्हणाले, पुढच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी तुमचा हात चालला पाहिजे, नाहीतर तुमच्या जागी दुसरा माणूस येईल, मग माझ्या हातात काही नाही. अठरा वर्षं मी या दोन अंगठ्यांवर जगलो होतो. दुसरं काही येत नव्हतं मला, आणि ते गेलं तर मी कोण?

उभ्या बाईंच्या आधी मी मनाच्या दोन डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो. एकानं गोळ्या दिल्या, त्यांनी झोप लागली, पण हात तसाच राहिला. दुसरे साहेब फार सज्जन. डोळे मिटून ऐकायचे आणि मधूनमधून म्हणायचे, आणखी सांगा. मी सांगायचो. मला सांगता फार चांगलं येतं. घरून मुद्दे काढून न्यायचो, लहानपण वेगळं, नोकरी वेगळी, स्वभाव वेगळा. पाच-सहा खेपांनंतर माझं ते सांगणं इतकं रेखीव झालं की साहेबांनीच एकदा मान डोलावली. हात मात्र जिथल्या तिथं.

बायको शाळेत शिक्षिका. तिच्या बरोबरीच्या एका बाईंना फळ्यावर लिहिता येईनासं झालं होतं, अक्षर वाकडं येईल या भीतीनं. उभ्या बाईंकडे जाऊन त्या लिहायला लागल्या होत्या. तिथून पत्ता आला. "तिथं बोलूच देत नाही म्हने," बायको म्हणाली. "तुमाले तेच पायजे."

पहिल्या मंगळवारी मी अकरा फुलस्केप कागद घेऊन गेलो. पक्की प्रत, समास आखलेला, एकही खाडाखोड नाही. बाई साठीच्या आसपासच्या, उंच, जाड काचेचा चष्मा, कॉटनची साडी आणि पायात पुरुषी बूट. त्यांनी कागद घेतले, पहिल्या पानावरून नजर फिरवली, ते पान मधोमध फाडलं, अर्ध्याची पुडी वळली, कोपऱ्यातल्या डब्यातले फुटाणे तिच्यात भरले आणि माझ्यापुढं धरली. "कागद चांगला आहे जी," त्या म्हणाल्या. "पुडी सुटत नाही."

मी संतापलो होतो, पण परक्या बाईवर ओरडायची सवय नाही. मी शुद्ध भाषेत विचारलं की आपण माझं म्हणणं ऐकून घेणार नाही का. खाली मिल धडधडत होती, त्यामुळे मला तेच वाक्य तीनदा म्हणावं लागलं. "म्हणून तं इथं खोली घेतली," त्या म्हणाल्या. "इथं कोणाले बोलताच येत नाही. मले सांगू नका. दाखवा." हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. दर मंगळवारी पाच-दहा वेळा तरी कानावर पडायचं.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी, मी त्यांच्याविषयी एक यादी करायला घेतली. पहिला प्रश्न, शिक्षण कुठं. दुसरा, शिकलेली बाई अशी वऱ्हाडी का बोलते? मी स्वतः घराबाहेर पुस्तकी मराठी बोलत असे, कुठं चूक नको म्हणून. तिसरा, लोक म्हणतात त्या मूळच्या नेर गावच्या, तर नेर सोडून इथं का? यादी वाढत एकोणीस प्रश्नांवर गेली. त्यातला सातवा सगळ्यात मोठा होता, कारण डाळमिलच्या मालकाची एक जिनिंगही, म्हणजे कापसातून सरकी काढायची गिरणीही होती. आता कडक ग्रेडर ढिला पडला तर फायदा कोणाचा? हलका कापूस पहिल्या दर्जात खपवणाऱ्यांचा. आणि ही बाई दर आठवड्याला मला काय शिकवते, तर चुका करायला. मला हे गणित फार सोपं वाटलं.

कारण चुका करायलाच त्या लावत होत्या. एकदा माझ्या सदऱ्याची बटणं एक घर चुकवून लावायला सांगितली आणि तसंच एसटी स्टँडपर्यंत चालत जाऊन पुसदची गाडी किती वाजता, ते चौकशीच्या खिडकीवर विचारून यायला. मी म्हटलं, पुसदच्या सगळ्या गाड्या मला पाठ आहेत. "ते तं माहीतच आहे," त्या म्हणाल्या. मी गेलो. कान तापले होते, वाटेत ओळखीची निदान चाळीस माणसं होती आणि प्रत्येकाच्या नजरेत मला माझी बटणं दिसत होती. खिडकीवरच्या माणसानं मान वर न करता वेळ सांगितली. परत येताना एक पानवाला तेवढा म्हणाला, भाऊ, बटन चुकलं. मी हो म्हटलं. तोवर त्याचं लक्ष गिऱ्हाइकाकडे गेलं होतं. एवढंच झालं, आणि हे एवढंच झालं याचा मला चक्क राग आला.

सातव्या प्रश्नाचा छडा लावायचा म्हणून आठवडी बाजाराच्या दिवशी मी त्यांच्या मागावर राहिलो. जिनिंगवाल्याचा कोणी माणूस भेटतो का ते पाहायचं होतं. कांद्यांच्या ढिगाआड उभा होतो. बाई वांगेवालीपुढं गेल्या, मागं न पाहता म्हणाल्या, "आलेच आहात तं थैली धरा." मी निमूट धरली. त्यांनी वांगी न निवडता उचलली, हाताला येतील तशी. वांगेवालीनंही संशयानं पाहिलं, कारण न निवडता घेणारं गिऱ्हाईक तिनं कधी पाहिलं नसावं. मग बाईंनी मला माझ्या घरासाठी पाच वांगी घ्यायला लावली, डोळे समोरच्या झाडाकडे ठेवून. घरी त्यातलं एक किडकं निघालं. बायकोनं किडका भाग कापून टाकला आणि भाजी केली. जेवताना ती मला पाहत होती आणि मी वांग्याला पाहत होतो. भाजी बरी झाली होती, हे मला कबूल करावं लागलं.

खुर्चीचं कोडंही एका मंगळवारी उलगडलं. मला म्हणाल्या, आज बसा. मी बसलो. त्यांनी खराटा घेतला, खोली झाडायला लागल्या आणि मला म्हणाल्या, चुका काढा. मी घडाघडा काढल्या. कोपरा राहिला, खराटा उलटा धरला, कचरा वाऱ्याच्या दिशेनं नेला. मिलच्या आवाजावरही माझा आवाज चढला होता. इतक्या महिन्यांत मला एवढं हुशार कधीच वाटलं नव्हतं. बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "खरी नोकरी तुमी इथं बसून आपल्याच चुका काढाची करून राह्यले. कापूस पाह्याले कोणी उरतच नाही." मी उठलो. घरी येईपर्यंत त्या बाईंचा मला भयंकर राग आला होता, आणि राग यायचं कारण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं हे होतं.

दसरा जवळ आला आणि माझी घाबरगुंडी उडाली. हंगाम दिवाळीनंतर सुरू होणार. बटणं झाली, वांगी झाली, हाताचं काय? मी बाईंना स्पष्ट विचारलं. त्यांनी कापूस आणायला सांगितला. "माह्या हातचा नको," म्हणाल्या, "तुमाले माह्यावर भरोसा नाही." हे त्यांना कसं कळलं, तो विसावा प्रश्न झाला.

माझ्या साळ्याच्या, म्हणजे बायकोच्या भावाच्या शेतात तेव्हा नुकतंच सीतादही झालं होतं. पहिल्या वेचणीआधी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, त्याला आमच्याकडे सीतादही म्हणतात. तिथून मी माझ्या हातानं वेचलेला कापूस पिशवीत बांधून आणला. काळं कापड माझं, पट्टी माझी. बाईंनी फक्त खडू घेतला. म्हणाल्या, एक पुंजका काढा, लांबी सांगा, मी भिंतीवर लिहिते. मी धागा ओढला, मोजला, एकोणतीस मिलिमीटर म्हटलं. त्यांनी एकोणतीस लिहिलं. म्हणाल्या, तोच पुंजका पुन्हा पाहा. मी पुन्हा ओढला, पुन्हा मोजला. पावणेएकोणतीस. पुन्हा. अठ्ठावीस. मला वाटलं, माझं डोकं फिरलं. पुन्हा. सत्तावीस. दहाव्या खेपेला भिंतीवर चोवीस लिहिलेलं होतं आणि माझ्या पायाशी तुटलेल्या धाग्यांची पांढरी पूड पडली होती.

फुटाणे खात बाई भिंतीकडे पाहत राहिल्या.

कापूस ओढला की तुटतो. प्रत्येक ओढीबरोबर थोडे लांब धागे तुटतात आणि पुंजका आखूड होत जातो. हे मला काही नवीन नव्हतं. ज्यांनी मला काम शिकवलं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, एकदा ओढायचं आणि टाकून द्यायचं. मी ते वहीत लिहूनही घेतलं होतं, सुवाच्य अक्षरात. तरी मागची काही वर्षं मी लोकांचा चांगला कापूस माझ्याच अंगठ्यांनी तोडत होतो आणि मग तो आखूड आहे म्हणून दुसरा दर्जा देत होतो. मला चूक करायची नव्हती, म्हणून मी बरोबर उत्तर मोडेपर्यंत तपासत होतो. ती आर्णीकडची म्हातारी मला आठवली. दहा वेळा पाहिला होता तिचा कापूस. मी तिथंच भिंतीला टेकलो आणि मला रडू आलं, आणि ते खाली मिल चालू असल्यामुळे कोणाला ऐकू गेलं नाही.

तरी माझा स्वभाव पाहा. घरी येऊन मी दार लावून दुसऱ्या पुंजक्यावर तेच करून पाहिलं, बाईंनी नजरबंदी तर केली नाही ना म्हणून. आकडे तसेच उतरले. मग मी पेटी उघडली. त्यातल्या पुड्यांमध्ये आता पाहण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बायकोनं ती पेटी अंगणात नेऊन रिकामी केली, मी थांबवलं नाही.

शेवटच्या मंगळवारी बाई म्हणाल्या, यादी आणा. यादीबद्दल मी कोणाला बोललो नव्हतो, बायकोलाही नाही. खिशातून काढून दिली. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली, सातव्या प्रश्नाशी थोड्या हसल्या आणि कागद परत केला. "एकाचं उत्तर देते," म्हणाल्या. "दहा मोजते तोवर विचारा." आणि मोठ्यानं मोजायला लागल्या. मी कागदावर बोट फिरवू लागलो. शिक्षण विचारावं की जिनिंगचं? त्या आठवर आल्या आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं, यादीत नसलेलं. मी म्हटलं, "मी बरा होईन का?"

"ते मले माहीत नाही," बाई म्हणाल्या.

इतक्या जणांनी मला धीर दिला होता, नक्की बरं वाटेल म्हणून सांगितलं होतं, आणि त्यातलं काही टिकलं नव्हतं. या बाईंनी सरळ हात वर केले आणि त्यांचा चेहरा जराही पडला नाही. माहीत नसताना माणूस इतका निवांत उभा राहू शकतो, हे मी पहिल्यांदा पाहत होतो. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण पडलो नाही, उगाच त्यांचा गैरसमज नको. निघताना त्यांनी एक चिठ्ठी दिली, बायकोसाठी. पुढच्या मंगळवारी गेलो तर खोलीला कुलूप होतं. खिडकीतून पाहिलं. भिंतीवरचे आकडे तसेच होते, खुर्ची नव्हती.

हंगामाच्या पहिल्या दिवशी केंद्रप्रमुख माझ्या मागं येऊन उभे राहिले. पहिल्या चार-पाच बंड्या मी कशा काढल्या ते मला आठवत नाही, पण निघाल्या. मग जी बंडी आली तिच्यावर तीच म्हातारी बसलेली होती. मी कापसात हात घातला, पुंजका काढला, एकदा ओढला, एकदा मोजला. पहिला दर्जा, मी म्हटलं.

म्हातारी खाली उतरली. माझ्या अगदी जवळ आली आणि तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, संशय कसा घ्यायचा हे हिच्याकडून शिकावं. "मांगच्या साली धा खेपा पाह्यला," ती म्हणाली. "औंदा एकदाच काहून? पुन्हा पाहा."

मागं रांग होती. सगळे माझ्या अंगठ्यांकडे पाहत होते. पुंजका हातातच होता, आणि पुन्हा ओढावा म्हणून बोटं शिवशिवत होती.

"मांगच्या साली माही चूक झाली, मावशी," मी म्हटलं. माझ्या तोंडून घरची भाषा निघाली होती. "कापूस पहिल्याच दर्जाचा होता. मी पाहून पाहून तोडला."

केंद्रप्रमुख मागं खाकरले. म्हातारीचे डोळे हलले नाहीत. "मंग यंदा बरोबर हाये, हे कायवरून?"

"ते मले माहीत नाही," मी म्हटलं. "पन एकदाच पाह्यला."

म्हातारीनं कासरा धरून बैलांना आत वळवलं.

बंडी हलली तसा सवयीनं माझा हात खिशाकडे गेला. बायकोनं खिसा दोरा दुहेरी करून शिवून टाकला होता. बाईंच्या चिठ्ठीत एवढंच लिहिलं होतं म्हणे, खिसा शिवून टाका, आणि सकाळी घाईत मी पाहिलं नव्हतं. पुंजका बोटांतून सुटला, चाकाजवळच्या धुळीत पडला. मी पुढच्या बंडीला हात केला.